चौथ्या वकिलानंही नाही म्हटलं

भाऊकाकांनी डायरी उघडली, चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि घसा खाकरला, तेव्हाच माईनं ओळखलं की आता तासाभराची निश्चिंती झाली.

रविवारी दुकान बंद असे. वरच्या घरातलं जेवणाचं टेबल चौघांनाच कसंबसं पुरायचं, म्हणून काही ठरवायचं असलं की सगळे खाली, काचा कापायच्या मोठ्या टेबलाभोवती जमत. टेबलावर जाड हिरवं लोकरी कापड ताणून बसवलेलं होतं आणि त्यात काचेचा चुरा असा रुतलेला, की कोपर टेकायचं तर आधी ब्रशनं जागा झाडून घ्यावी लागे. माईच्या धाकट्या लेकीचं लग्न याच टेबलावर ठरलं होतं आणि ते मोडायचंही याच टेबलावर ठरलं. माईचे यजमान गेल्यावर दुकान थोरल्या मुलानं बघायचं, हेही इथंच. आता थोरल्याची पाळी होती. त्याची बायको मुलीला घेऊन दातांच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्यांत राहायला गेली, त्याला दीड महिना होऊन गेला होता.

वेगळं व्हायचं, एवढ्यावर दोघांचं एकमत होतं, आणि तसा अर्जही दोघांनी मिळून दिला होता. अडलं होतं ते नऊ वर्षांच्या भिंगरीवर. ती कुणाकडे राहणार? कोर्टानं या एका प्रश्नासाठी तारीख दिली होती आणि दोघांनाही बजावलं होतं की येताना आपापला वकील घेऊन या. तारखेला बारा दिवस उरले होते.

"पहिला," भाऊकाका म्हणाले. "बेकरीच्या वरचा. खोली हवेशीर, खुर्च्या चार, पैकी एक डगमगती. माणूस तरुण. बोलायला पटाईत, पण ऐकताना पेनाचं टोपण काढतो आणि घालतो, काढतो आणि घालतो. मी सगळं सांगितलं. पंचावन्न मिनिटं लागली."

"सगळं म्हणजे?" थोरल्यानं विचारलं.

"सगळं म्हणजे सगळं. तुझ्या लग्नापासून."

"लग्नापासून कशाला, भाऊजी?" माई म्हणाली.

"वहिनी, पाया सांगितल्याशिवाय इमारत कशी कळणार?"

"लग्नापासून नसेलच," पलीकडून धाकटी म्हणाली. ती पोस्टात खिडकीवर बसायची आणि माणसाचं बोलणं लांबणार की आटोपणार हे तिला पहिल्या वाक्यात कळायचं. "आजोबांच्या बुडबुड्यांच्या काचांपासून सुरुवात केली असणार."

भाऊकाकांनी पान उलटलं. म्हणजे केली होती.

त्या बुडबुड्यांनीच या घराला ही खोड लावली होती. माईच्या सासऱ्यांनी दुकान काढलं, तेव्हा पहिल्याच भेटलेल्या व्यापाऱ्याकडून अख्खी पेटी काच उचलली आणि घरी येऊन उघडली, तर प्रत्येक तावात बुडबुडे. त्या दिवसापासून घरात नियम झाला, की गावात जेवढे विकणारे असतील तेवढ्या सगळ्यांकडे जाऊन यायचं आणि मगच घ्यायचं. सुई घ्यायची तरी. भाऊकाकांनी तर या नियमाचं व्रतच घेतलं होतं. चौकशीला म्हणून जायचे आणि समोरच्याला आपलं सगळं सांगून यायचे. बाजारात त्यांना चौकशीकाका म्हणत आणि ते आल्याचं दिसलं की काही दुकानदार जेवायला जात. गावात घरगुती खटल्यांचे वकील चारच होते. भाऊकाकांनी चारही करून टाकले, आणि तेही एका आठवड्यात.

"दुसरा, कोर्टासमोरचा. वयस्कर, अनुभव दांडगा. माझं बोलणं चालू असताना दोनदा डोळा लागला. पण जाग आल्यावर शंका बरोबर विचारली."

"काय विचारलं?"

"की आपण कोण."

धाकटी फिस्सकन हसली. थोरल्याच्याही ओठाची कड हलल्यासारखं माईला वाटलं. दीड महिन्यात पहिल्यांदाच. भाऊकाका असे हसू आणायला बसले नव्हते, पण हसू आलंच तर त्यांची ना नसायची.

"तिसरा तक्ते काढतो. तुझ्या संसाराचाही काढला, त्यात बाण. एक बाण माझ्याकडे येत होता, तो का, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. चौथ्या त्या वकीलबाई. बूट दुरुस्तीच्या दुकानावर, पहिला मजला, जिना अरुंद." इथं त्यांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं. "मी दहा मिनिटं बोललो असेन नसेन, बाईंनी हात वर केला. म्हणाल्या, 'हे सगळं ठीक आहे. त्या मुलीला सकाळी शाळेसाठी कोण उठवतं?'"

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

"खरं ते. तिची आई."

थोरला डाव्या अंगठ्यावरची जुनी जखम उजव्या हातानं चाचपत राहिला.

"बाईंच्या नावाखाली मी तीन रेघा मारल्यात," भाऊकाका हळूच म्हणाले. "असा प्रश्न विचारणारं माणूस आपल्या बाजूला असलेलं बरं. समोर नको. उद्या सकाळी जाऊन पक्कं करून येऊ."

माईनं मान डोलावली. खरं तर चारही ठिकाणी जाऊन या, असं तीच म्हणाली होती. भिंगरी या घरात राहावी, असं तिला मनापासून वाटत होतं आणि त्याची तिला लाजही वाटत नव्हती. शाळेत जायला लागल्यापासून ती पोर शाळा सुटली की खाली येऊन, काचा उभ्या ठेवायच्या लाकडी घोड्याशेजारी तिच्यासाठी केलेल्या बुटक्या बाकावर गृहपाठ करायची, मध्येच उठून गरागरा गिरक्या घ्यायची आणि माईच्या छातीत धस्स व्हायचं, की आता आपटते काचांवर. एकदाही आपटली नव्हती. दीड महिना तो बाक रिकामा होता आणि माईला दुपारी काही सुचेनासं झालं होतं.

तेवढ्यात पुढच्या दाराची घंटा वाजली.

भिंगरी आत आली ती थेट वरच्या जिन्याकडे पळाली. रविवार तिचा या घरातला दिवस. तिच्यामागून सून दाराशी आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. अकरा वर्षं ज्या दारातून ती भाज्यांच्या पिशव्या कोपरानं ढकलत आत येत होती, त्याच दारात ती आता पायपुसण्याच्या अलीकडे उभी होती. नखांच्या कडांना प्लॅस्टरचा पांढरा थर होता. ती दवाखान्यासाठी कवळ्या आणि दात बनवायची, आणि रविवारीही ज्या अर्थी हात पांढरे, त्या अर्थी सुट्टीच्या दिवशीही काम घेतलेलं होतं.

"आत ये ना," माई उठून दाराशी येत म्हणाली.

"नको. माई, एक विचारायचं होतं. खरं सांगाल?"

"मी कधी खोटं सांगितलंय तुला?"

"म्हणूनच तुम्हाला विचारतेय." तिनं आवाज खाली आणला. टेबल होतं त्या आतल्या खोलीचं दार उघडं होतं. "शुक्रवारी मी अर्धा दिवस सुट्टी काढली. वकील बघायला. बेकरीवरच्यानं नाव विचारलं, वही बघितली आणि म्हणाला, माफ करा, तुमच्या समोरच्या बाजूचं मी ऐकून बसलोय, मला तुमचं घेता येणार नाही. मला वाटलं, असेल. कोर्टासमोरच्याकडे गेले. तेच. त्या तक्तेवाल्याकडे गेले, त्यानं तर मला बसूही दिलं नाही, घाबरून दारातूनच परत पाठवलं. मग वकीलबाई. त्यांनी पाणी दिलं. पण त्यांनीही नाहीच म्हटलं."

कळलं माईला, पण सगळं एकदम कळलं नाही. काच कुठंतरी तडकल्याचा आवाज यावा आणि कुठली ते शोधत फिरावं, तसं झालं तिचं.

"म्हणजे आम्ही ज्यांच्याकडे नुसतं विचारायला गेलो..."

"नुसतं विचारायला नाही, माई. काकांनी सगळं सांगितलं. एकदा एका बाजूचं घरातलं ऐकलं की वकिलाला दुसऱ्या बाजूनं उभं राहता येत नाही. तो नियम आहे. गावात चारच आहेत. पाचवा बघायचा तर बसनं अडीच तास, आणि तो एका भेटीत केस घेत नाही. मला दवाखान्यातून तेवढ्या सुट्ट्या मिळत नाहीत. बारा दिवसांत मी काय करू?" ती थांबली. मग जे विचारायला ती आली होती ते तिनं विचारलं. "आमच्याकडे कामाला एक बाई आहे, ती म्हणाली, मोठ्या शहरांत लोक हे मुद्दाम करतात. सगळ्या वकिलांना आधीच भेटून ठेवायचं, म्हणजे समोरच्याला कुणी उरत नाही. तुम्ही हे ठरवून केलंत का?"

दाराच्या दोन्ही बाजूंना विकायचे आरसे टेकवून ठेवलेले होते. माईला सुनेकडे बघायचं नव्हतं म्हणून तिनं नजर वळवली, तर आरशातही सूनच होती.

"आपण सुईसुद्धा चार ठिकाणी विचारून घेतो," माई म्हणाली. "तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे," सून म्हणाली. "तरी विचारलं. विचारावंसं वाटलं, त्याचंच वाईट वाटतंय." तिनं भिंगरीचा विसरलेला स्वेटर पुढं केला. "वकीलबाई एवढंच म्हणाल्या, की समोरच्या माणसानं स्वतःच्या सहीनं लिहून दिलं, की माझी हरकत नाही, आणि येऊन बोललेल्या काकांनीही दिलं, तर त्या विचार करतील. पण असं कोण लिहून देतं? सहा वाजता घ्यायला येते तिला."

माई परत टेबलाशी आली तेव्हा तिघंही दाराकडेच बघत होते. म्हणजे ऐकलं होतं. या घराच्या भिंती जाड होत्या, पण दारं कायम उघडी असायची.

पहिले भाऊकाका बोलले. त्यांचा चेहरा पडला होता. "म्हणजे मी गुन्हा केला?"

"कुणी तसं म्हटलेलं नाही."

"मी तर खुर्च्यांचीसुद्धा चौकशी केली. मला काय ठाऊक, ऐकल्यानं माणूस बाद होतो? काच बघितली म्हणून दुकानदार दुसऱ्याला ती विकायची थांबवत नाही!"

"काका, तुमची चूक नाही," धाकटी म्हणाली. मग जरा थांबून, पोस्टाच्या खिडकीतल्या आवाजात म्हणाली, "आणि नियमातही बसतंय. आपण मुद्दाम केलं नाही. पण झालंच आहे, तर आपण होऊन कशाला सोडायचं? ती अडीच तास लांबचा वकील करू शकते. लोक करतात. मला तिचं वाईट चिंतायचं नाही, पण भिंगरी आपली आहे."

सुनेचं आणि धाकटीचं कधी फारसं जमलं नव्हतं. भांडण असं नव्हतं, पण एकीनं लावलेला पडदा दुसरी येऊन सरळ करायची, त्यातलं ते होतं. माईनं लेकीकडे दुर्लक्ष केलं आणि मुलाकडे बघितलं.

"तू बोल."

थोरल्याला बोलायला सांगणं म्हणजे भिंतीला पाझर फोडणं. बाप गेल्यापासून तो जे काही बोलायचा ते मापांत बोलायचा, आणि सूनबाईचं म्हणणं नेमकं तेच होतं, की मापांशी संसार होत नाही.

"एक तोडगा आहे," तो बोलत नाही असं बघून भाऊकाकाच पुढं झाले. "चारांपैकी एकाला मोकळं करून टाकू. लिहून देऊ. म्हणजे आपल्यावर बोट यायला नको. कोर्टासमोरचे ते वयस्कर आहेत ना, त्यांना करू मोकळं. अनुभवी आहेत. तिलाही वकील मिळाला, आपलंही बाईंकडे जमलं."

"झोपणारा?" धाकटी म्हणाली.

"जाग आली की चांगला आहे."

धाकटी एकाएकी सरळ बसली. मघाचा आवाज कुठल्या कुठं गेला. "माझा असाच होता, काका. आठवतंय? तुम्हीच शोधला होता. माझ्या तारखेला माझी फाईल घरी विसरून आला होता आणि जज्जांनी काही विचारलं की माझ्याकडे बघायचा. समोरचा वकील टेचात बोलत होता आणि मला वाटत होतं, की मी जे खरं आहे ते सांगायला आलेय, पण इथं कुणाला ते ऐकायचंच नाही. मी बाहेर येऊन जिन्यावर बसून रडले. माई तेव्हा खाली रिक्षा थांबवत होती, तिला माहीतही नाही."

माईला खरंच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांनी ते असं, टेबलावर, काचेच्या चुऱ्यात येऊन पडलं. लेकीच्या हातावर हात ठेवावासा तिला वाटलं, पण धाकटीनं हात मांडीवर घेतले होते.

"मी तिला आवडते असं नाही," धाकटी म्हणाली. "पण झोपाळू वकील कुणालाच देऊ नये. तिलाही नाही. नाहीतर कुणालाच मोकळं करू नका आणि सरळ म्हणा, की हो, आम्ही ठरवून केलं."

"अगं, मघाशी तर तू..." भाऊकाका गोंधळले.

"मघाशी मला आठवलं नव्हतं."

"मग कोण? बेकरीवाला? तक्तेवाला?" भाऊकाका डायरीची पानं उलटसुलट करू लागले. दुखावले होते ते. इतक्या मेहनतीनं मिळवलेलं असं वाटून टाकायचं, हे त्यांच्या गळी उतरेना. "मी सांगतो, वहिनी, तुम्ही फार ताणू नका. उद्या बाईंना गाठू. बाकी तिचं ती बघेल. आपणही कुणाचे तरी आईबाप आहोत."

"वकीलबाईंना मोकळं करायचं," माई म्हणाली.

भाऊकाकांनी डायरी मिटली. धाकटी आईकडे बघतच राहिली. आणि थोरला, जो मघापासून दगडासारखा बसला होता, तो आता बोलला.

"माई, तुला कळतंय का तू काय म्हणतेस? त्या बाईनं काकांना दहा मिनिटांत आडवं केलं. ती तिच्या बाजूला गेली, तर भिंगरी माझ्याकडे आठवड्यातले दोन दिवससुद्धा येणार नाही. कदाचित रविवारच. तोही सहापर्यंत. चालेल तुला?"

"नाही चालणार."

"मग?"

"मग काय! नाही चालणार म्हणून सांगतेय ना. मला रोज हवीय ती. तू बोलत नाहीस, भाऊजी बोलतात ते ऐकवत नाही, ही तुझी बहीण आठवड्यातून एकदा येते. मला रोज तीच हवीय." माईचा आवाज चढला होता, आणि वर भिंगरी होती म्हणून तिनं तो मुकाट्यानं खाली आणला. "पण तिच्या आईला गावात वकील मिळाला नाही म्हणून ती आपल्याकडे राहिली, तर मी तिला इथं गृहपाठाला बसवून तिच्याकडे बघू कशी, ते मला सांग. आणि दहा वर्षांनी तिनं विचारलं, तर कोण उत्तर देणार? भाऊजी देणार?"

भाऊकाकांनी मिटलेली डायरी बाजूला सरकवली.

"आणि बाकीच्यांपैकी एखादा दिला तर?" थोरल्यानं विचारलं. विरोध म्हणून नाही, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"देऊ शकतो. कुणी नावं ठेवणार नाही. पण ती मघाशी दारात उभी होती आणि तिनं मला विचारलं, तुम्ही ठरवून केलंत का. अकरा वर्षं या घरात राहून तिला ते विचारावंसं वाटलं. आपल्याला नको असलेला वकील तिला दिला, तर तिला उत्तर मिळेल का?"

थोरला उठला. त्यानं खिळ्याला लटकवलेला ब्रश घेतला आणि टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कापड झाडायला लागला. सावकाश, कडेनं, कोपऱ्यात. काम सुरू करण्याआधी तो रोज असंच झाडायचा, आणि झाडताना त्याच्याशी बोललं तर त्याला ऐकू यायचं नाही. सगळं टेबल झाडून झाल्यावर त्यानं चुरा पत्र्याच्या डब्यात ओतला.

"सकाळी ती उठवते," तो म्हणाला. "मी उठतो तेव्हा भिंगरी शाळेत गेलेली असते. काका, ते मी तुमच्या तोंडून ऐकलं, तेव्हाच मला वाटलं होतं की आता काही खरं नाही." मग म्हणाला, "कागद आणा. अक्षर काकांचं चांगलं आहे. त्यांनीच लिहावं."

"मी?"

"सगळं तुम्हीच सांगितलंत, तर हेही तुम्हीच सांगा."

भाऊकाकांनी पहिला कागद फाडला, कारण सुरुवात दुकानाच्या स्थापनेपासून झाली होती. दुसरा थोरल्यानं फाडला. तिसरा चार ओळींचा झाला. आम्ही आपल्याकडे येऊन जे सांगितलं, त्यावरून आमची हरकत नाही. आपण तिच्या बाजूनं उभं राहावं. खाली थोरल्यानं सही केली, त्याखाली भाऊकाकांनी. त्यांचं अक्षर सहीतही वळणदार आलं.

मंगळवारी दुपारी माई तो कागद घेऊन अरुंद जिना चढली. सूनही आली होती. माईनं सकाळी फोनवर एवढंच सांगितलं होतं की दोन वाजता वकीलबाईंकडे ये, कागदपत्रं घेऊन ये. दोघी बाहेरच्या बाकावर शेजारी बसल्या. खालून बुटांच्या टाचा ठोकल्याचा आवाज येत होता.

"त्यांनी सही केली?" सुनेनं विचारलं.

"केली."

"स्वतः?"

"टेबल झाडलं आणि केली."

सून एवढ्यावर समजली. अकरा वर्षं ते झाडणं तिनंही बघितलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं प्लॅस्टरच्या बोटांनी पुसलं आणि गालावर पांढरा ओघळ उमटला. माईनं पदरानं तो पुसला. पुसून झाल्यावर दोघींनाही अवघडल्यासारखं झालं.

वकीलबाई पन्नाशीच्या, केस आखूड, टेबलावर फाईली आणि एका ताटलीत अर्धा उरलेला पाव. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "तुमच्या दिरांनी जे सांगितलं त्याची टिपणं मी या पाकिटात बंद केली आहेत. ती तुम्ही परत न्या. मी ती वापरणार नाही. पण आजी, एक नीट समजून घ्या. मी हे घेतलं, तर मी यांचीच असेन. तुमच्या मुलाला मी अवघड प्रश्न विचारीन. कदाचित तुम्हालाही."

"विचारा," माई म्हणाली.

"तुम्ही घरी जाऊन मुलासाठी दुसरा वकील करा. आजच. त्याला एकटं आणू नका."

"हो."

"ठीक आहे." वकीलबाई सुनेकडे वळल्या. "बसा. आधी मला सांगा, तुम्हाला काय हवंय?"

सुनेनं माईकडे बघितलं. नुसत्या सवयीनं. लग्न होऊन घरात आल्यापासून कुणी काही विचारलं की आधी माई बोलायची. हिला चहात साखर नको, हिला उन्हाचा त्रास होतो, ही आज दमलीय. आणि माईचंही तोंड उघडलं होतं. वाक्य तयार होतं. तिला भिंगरी हवीय, पण तिला आम्हालाही तोडायचं नाही, तशी नाही ती. वाक्य चांगलं होतं आणि बहुधा खरंही होतं.

माईनं तोंड मिटलं. पाकीट उचललं, बाहेर आली आणि स्वतःच्या हातानं दार लावून घेतलं.

तासाभरानं सून बाहेर आली, तेव्हा माई तिथंच बाकावर होती. बूट दुरुस्तीच्या दुकानासमोर, वर्दळीत, सून थांबली.

"माई, आत काय झालं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही."

"नको सांगूस."

"आणि त्या म्हणाल्या, आता आपल्यात काहीही तोंडी ठरवायचं नाही. भिंगरीला कोण आणणार, कोण सोडणार, सगळं लिहून." ती घुटमळली. तिनं घड्याळात बघितलं, रस्त्याकडे बघितलं, परत घड्याळात. "मला साडेतीनला एक कवळी द्यायचीच आहे. त्या आजोबांना उद्या गावाला जायचंय. आणि भिंगरीची शाळा चारला सुटते."

'मी आणते,' हे माईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आता विचारायचं सुनेनं होतं.

सुनेनं पिशवीतून वही काढली, एक पान फाडलं आणि भिंतीला टेकवून लिहिलं. तारीख घातली. खाली सही केली. मग तो कागद तिनं माईच्या हातात दिला, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघून, मोठी बाई मोठ्या बाईशी बोलते तसं म्हणाली, "तुम्ही आणाल का?"

माईनं तो शाळेच्या फाटकाशी उभं राहून वाचला. आज चार वाजता मुलीला तिच्या आजीने शाळेतून घेऊन जावे व सहापर्यंत आपल्याकडे ठेवावे, यास माझी संमती आहे. इतकी वर्षं ती या फाटकाशी बिनकागदाची येत होती. आपल्याच नातीला न्यायला आपल्याला चिठ्ठी लागते, याचं तिला फार वाईट वाटलं, आणि ती चिठ्ठी मिळाली याचं इतकं बरं वाटलं की तिनं ती पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचली. शिपाई ओळखीचा होता. तिनं कागद पुढं केला, तर तो म्हणाला, "कशाला, आजी?"

"वाचा," माई म्हणाली. "वाचा एकदा. तिच्या आईनं लिहिलंय."